वाळत घातलेले बोल्ट

मखमलाबाद, नाशिक
२६ ऑक्टोबर १९९९

प्रिय उज्वला,

मला एका प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि हे मी अजून कंपनीत कुणाला कळू दिलेलं नाही. प्रश्न असा: पोलादात शिरलेला हायड्रोजन दोनशे अंशांच्या भट्टीत बाहेर पडतो. मग तोच बोल्ट साध्या हवेत महिनाभर पडून राहिला, तर हायड्रोजन हळूहळू आपणहून का निघून जात नाही? ओला कपडा इस्त्रीखाली लवकर वाळतो आणि दोरीवर उशिरा, पण वाळतो तरी.

तू देवळ्याच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतेस, म्हणून तुला विचारते. मी केमिस्ट्रीवाली. हायड्रोजन आत शिरतो कसा, ते मी सांगू शकते. आत गेल्यावर काय करतो, तिथे माझी गाडी अडते.

झालं ते सविस्तर लिहिते. आमच्याकडे कडक पोलादाचे बोल्ट होतात. ते गंजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचा मुलामा देतात. त्याआधी अ‍ॅसिडमध्ये धुतात. या धुण्यात आणि मुलाम्यात हायड्रोजन तयार होतो आणि थोडा पोलादात जातो. साध्या लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. कडक पोलाद मात्र त्याने ठिसूळ होतं. म्हणून मुलामा झाला की बोल्ट लगेच, वाळायच्या आत म्हटलं तरी चालेल, भट्टीत जायला हवेत आणि दिवसभर तिथे राहायला हवेत.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी एक मोठा लॉट मुलामा होऊन आला. तोवर आमच्या सुपरवायझर अमोल सरांनी भट्टी बंद करून, पुसून, तिला हळदकुंकू लावून हारही घातला होता. हार आमच्याच मळ्यातल्या झेंडूचा. पूजेला बसलेलं यंत्र दसरा होईपर्यंत चालवत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, लॉट थांबून चालणार नाही. अमोल सर म्हणाले, "मॅडम, गळ्यातला हार काढून कामाला लावू का तिला? वर्षातून एकदा विश्रांती घेते."

तेवढ्यात आमचे मालक मोतीराम शेठ आले. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि तोडगा काढला. "गच्चीवर पसरा. ऑक्टोबरचं ऊन हाय. कुरडया वाळत्यात, बोल्ट नाय वाळायचे?"

मी हसले. शेठ हसले नाहीत. दोन दिवस आमचे बोल्ट गच्चीवर जुन्या ताडपत्रीवर पडून होते. दसरा झाल्यावर भट्टी पेटली, तेव्हा शेठ म्हणाले, अर्धं काम उन्हानं केलंय, आता दोन तास बास.

ओढून तोडायच्या मशीनवर त्यातले बोल्ट मी तपासले. पास झाले. पण अमोल सरांनी एक बोल्ट नमुना म्हणून लोखंडी पट्टीत पूर्ण आवळून स्टोअरच्या फळीवर ठेवला होता. काल दुपारी, कुणी हात लावलेला नसताना, त्याचं डोकं टक्‌ करून उडालं आणि चहाच्या किटलीवर जाऊन पडलं.

आता शेठना लॉटच्या कागदावर माझी सही हवी आहे. मी अजून केलेली नाही. डिसेंबरअखेर माझे शिकाऊ महिने संपतात आणि मला कायम करायचं की नाही, ते शेठच ठरवणार. आमच्या घरातून पदवीपर्यंत मीच पहिली पोचले, हे तुला माहीत आहे. आमचे दादा मळ्यातली जुडी बांधतानासुद्धा गिऱ्हाइकाला सांगतात, "आमची लेक प्रतिभा सही करती, तवा माल गेटाबाहेर पडतो." ते ऐकलं की मला अभिमानही वाटतो आणि धास्तीही.

फोन करू नकोस. आमचा फोन शेजारी आहे आणि मग सगळी आळी हायड्रोजनवर बोलेल. लिही.

तुझी
प्रतिभा

*

देवळा
३१ ऑक्टोबर १९९९

प्रिय प्रतिभा,

कुरडया वाचून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. हेडसरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, धातुशास्त्र.

आता उत्तर. काल बारावीच्या वर्गात हाच प्रश्न टाकला.  मग मी सांगितलं, कळवणची एसटी डोळ्यापुढे आणा, बाजाराच्या दिवसाची. बसमध्ये उभी असलेली माणसं म्हणजे लोखंडाचे अणू. ती आपापल्या जागेवरून सुटत नाहीत. त्यांच्या मधल्या सांदीत एक बारका पोरगा घुसलाय, तो हायड्रोजन. त्याला पुढच्या सांदीत जायचं तर दोन माणसांच्या मधून घुसावं लागतं. बस उभी असेल तर त्याला कोण वाट देणार? बस हलायला लागली की माणसं डुलतात, क्षणभर फट पडते आणि पोरगा सटकतो. उष्णता म्हणजे हे हलणं. अणू जितके जास्त थरथरतील तितक्या वेळा फट पडते.

आणि गंमत अशी, की हे हिशेबाने दुप्पट-तिप्पट वाढत नाही. तापमान थोडं वाढलं तर उड्या मारणारे एकदम पुष्कळ वाढतात, कारण मधली आडकाठी ओलांडण्याइतका जोर थोड्यांनाच मिळत असतो आणि तापवल्यावर तो पटापट बऱ्याच जणांना मिळतो. म्हणून तुमच्या गच्चीवरचं ऊन आणि भट्टी यांची तुलना शेठने करू नये. उन्हात बोल्ट हाताला चटका देईल एवढा तापला, तरी भट्टीपुढे तो थंडच.

तेव्हा तुझं उत्तर: साध्या हवेत हायड्रोजन हलतच नाही. निजलेला असतो. म्हणून निघून जात नाही. मला वाटतं, तसाच निजू दिला तर त्रासही देणार नाही.

दुसरी गोष्ट. तुझ्या पत्रात पानापानावर अमोल सर आहेत. अमोल सर म्हणाले, अमोल सरांनी ठेवला, अमोल सरांनी हार घातला. हार फक्त भट्टीलाच घातला ना?

इकडे आमचे अण्णा वैतागलेत. लाल कांदा काढायला आलाय. हा काही उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की बाजारात न्यायचा. नवी ट्रॉली सटाण्याला तयार होऊन रंगसुद्धा लागलाय, पण हुकाचे बोल्ट यायचेत म्हणून अडकलीये. बोल्ट तुमच्या अंबडच्या एमआयडीसीतून यायचेत म्हणे. अण्णा रोज सकाळी दात घासताना विचारतात, "अंबडवाला काय झोपेल शेतस का?" तिकडे शेकडो कंपन्या आहेत, ते मला कळतं. पण तुझी कुठे ओळख असली तर जरा ढकल. धोंडीराम पाटलांची मुलगी म्हणून नाही, तुला पुरणपोळीवर दोनदा तूप वाढणाऱ्या माणसाची मुलगी म्हणून.

दिवाळीला येतेस का?

उज्वला

*

मखमलाबाद
१३ नोव्हेंबर १९९९

प्रिय उज्वला,

दिवाळीत फुलांमुळे घरातून कुणालाच हलता आलं नाही. आईने मला भाऊबीजेच्या सकाळीसुद्धा माळा ओवायला बसवलं. कंपनीत मी मॅडम, घरी मी सुईदोरा.

आधी अमोल सरांचा निकाल लावते. त्यांची थोरली मुलगी सृष्टी पाचवीत आहे आणि धाकटा त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतो. बायको चांगली आहे, डब्यात मला वेगळी चटणी पाठवते. आता तुझ्या डोक्यातली वरात परत ने.

एसटीचं उदाहरण फार आवडलं. ते मी स्टोअरमध्ये सांगितलं. सगळ्यांना कळलं, पण अमोल सरांनी असा प्रश्न विचारला की मी पुन्हा अडकले. म्हणाले, "मॅडम, साध्या हवेत तो निजलेला असतो, तर मग फळीवरचा बोल्ट तोडला कुणी? झोपेत चालत गेला का?"

बरोबर आहे की नाही? बोल्ट आवळल्याबरोबर तुटला नाही. काही दिवसांनी तुटला. म्हणजे त्या दिवसांत आत काहीतरी चालत होतं. तू म्हणतेस हलत नाही, आणि बोल्ट म्हणतो हलतो. मी इंजिनियरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात बसून पाहिलं. एका जाड पुस्तकात लिहिलंय, की शुद्ध लोखंडात हायड्रोजन साध्या हवेतसुद्धा बऱ्यापैकी धावतो. मग तो बाहेर का पडत नाही, हा माझा पहिला प्रश्न होता तसाच राहिला, उलट जास्त टोकदार झाला. सांग.

इकडे अजून एक झालं. शेठनी नवीनच म्हणणं काढलंय. पोलाद खराब आलं, एखादा बोल्ट किडका निघायचा. "मॅडम, भेंडी घेतो तवा एक वाकडी निघतीच. म्हणून काय पाटी फेकतो का आपण?" मी म्हटलं, भेंडी वाकडी आहे ते दिसतं, शेठ. ते म्हणाले, "मग तुम्ही दाखवा."

म्हणून मी दाखवायला घेतलंय. तुझ्या पत्रातलंच डोकं वापरलंय. पोलादच खराब असेल, तर आवळलेला बोल्ट गारठ्यातही तुटेल. हायड्रोजन असेल, तर गारठ्यात त्याचं हलणं मंदावेल आणि बोल्ट टिकेल. तेव्हा लॉटमधले वाटेल तसे बोल्ट उचलून दोन जाड लोखंडी ठोकळ्यांत सारखेच आवळले. एक ठोकळा शेठच्या टेबलाशेजारी, त्यावर लाकडी खोकं पालथं, म्हणजे डोकं उडालं तर कुणाच्या कपाळाला लागायला नको. दुसरा भावाकडे, आमच्या ज्ञानेशच्या दुकानात. त्याचं पंचवटीत आइस्क्रीमचं दुकान आहे, आणि या दिवसांत त्याच्याकडे माशीसुद्धा फिरकत नाही. फ्रीझरमध्ये केशरपिस्ता सरकवून त्याने ठोकळ्याला जागा दिली. म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकाने विचारलं तर कुठला फ्लेवर सांगू?"

आता वाट बघते आहे.

एक विचारायचं राहिलं. अण्णांची ट्रॉली सटाण्याच्या कुणाकडे आहे? सहज विचारते.

प्रतिभा

*

देवळा
१७ नोव्हेंबर १९९९

प्रिय प्रतिभा,

वरात परत नेली. चटणीचं मात्र खरं वाटत नाही, पण असो.

अमोल सरांचा प्रश्न मी वर्गात नेला आणि माझीच चूक मला सापडली. मी बसमध्ये सगळे उभेच धरले होते. बसला सीटही असतात. पोलाद कडक करताना आत बारीक बारीक वाकडेपणा राहतो, चिरा, कण, सांधे. ती झाली सीट. एकदा सीट मिळाली की पोरगा साध्या धक्क्याने उठत नाही. त्याला उठवायला बस चांगलीच आदळावी लागते. ती तुमची भट्टी. म्हणून साध्या हवेत उभे असलेले फिरत राहतात आणि बसलेले बसून राहतात. शिवाय दारात जस्ताचा कंडक्टर उभा. तो साध्या हवेत जवळजवळ कुणालाच उतरू देत नाही, तापल्यावर सोडतो.

आणि तुझा बोल्ट का तुटला, तेही यातच आहे. बोल्ट आवळला की डोक्याखाली आणि पहिल्या आट्याशी पोलाद ताणलं जातं. ताणलं म्हणजे सांदी रुंद झाल्या. भरल्या बसमध्ये एका कोपऱ्यात जागा झाली की काय होतं? सगळे तिकडे. हळूहळू, एकेक करत. आणि मग बसची फळी तिथेच मोडते.

म्हणजे बघ, अगदी गारठ्यात ते तिथवर पोचत नाहीत, आणि भट्टीत ते बाहेर निघून जातात. सगळ्यात वाईट आपली ही रोजची, बरी वाटणारी हवा. मी चुकीचं लिहिलं होतं. निजू द्या म्हणाले होते. ते खोड.

ट्रॉली सटाण्याच्या पुंजा मिस्त्रींच्या कारखान्यात आहे. का गं? ओळख निघाली का? निघाली असेल तर लवकर कर. अण्णांनी पहिला कांदा शेजाऱ्याच्या ट्रॉलीत नेला, तीही त्याच्या सवडीने. शेत अर्धं काढून पडलंय आणि वरून ढग आलेत. आता ते दात घासताना काही बोलत नाहीत. ते जास्त वाईट.

उज्वला

*

मखमलाबाद
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय उज्वला,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते.

पुंजा मिस्त्रींचे बोल्ट म्हणजे आमचा लॉट. गच्चीवर वाळत घातलेला. अण्णांची ट्रॉली माझ्या सहीसाठी अडली आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच शंका आली होती, म्हणून "सहज" विचारलं. ओळख निघाली का म्हणतेस, तर अशी निघाली.

आता ऐक काय झालं ते.

टेबलाशेजारच्या ठोकळ्यातला पहिला बोल्ट शेठ फोनवर असताना गेला. पलीकडे पुंजा मिस्त्रीच होते. शेठ म्हणत होते, "पाठवतो, पाठवतो, एकदम पोलादी माल," आणि खोक्यात टक्‌. शेठनी फोनच्या तोंडावर हात ठेवून खोक्याकडे पाहिलं. मग चहाच्या वेळी दुसरा. त्यानंतर कॅन्टीनमध्ये पैजा लागल्या, आज कितवा जाणार म्हणून. आठवडाभरात निम्म्याहून जास्त डोकी खोक्यात गोळा झाली.

फ्रीझरमधला एकही तुटला नाही. शेठ म्हणाले, "बघा, हे चांगले निघाले. किडके तेवढे इथं आले." मी म्हटलं, मग हेच आता तुमच्या टेबलावर ठेवू. ज्ञानेश स्वतः ठोकळा स्कूटरवर घेऊन आला, वर आइस्क्रीमचा एक डबा शेठना भेट. दोन दिवस काही झालं नाही. शेठची कळी खुलली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आइस्क्रीम खात असताना खोक्यात टक्‌ झालं. चमचा तोंडाशी तसाच राहिला. त्यानंतर आणखी गेले.

तेच बोल्ट, तोच आवळपणा. गारठ्यात होते तोवर टिकले, आपल्या हवेत आले आणि तुटले. आता पोलादाचं नाव कोण घेणार? अमोल सर खाली बघून म्हणाले, "मॅडम, भट्टी मीच बंद केली होती." मी म्हटलं, भट्टीची पूजा करण्यात काय चुकलं? पूजेच्या आदल्या दिवशी मुलामा द्यायला नको होता. पुढच्या वर्षी लॉट दोन दिवस आधी थांबवू आणि भट्टीला सुखाने हार घालू.

तुझ्या मनात आता येईल, मग पुन्हा भाजा ना दिवसभर. आम्ही तेही केलं. थोडे बोल्ट पूर्ण वेळ भाजून आवळले. बरेच टिकले. एक गेला. पुस्तकातही तसंच आहे: उशीर झाला की आत बारीक तडे सुरू झालेले असतात. हायड्रोजन निघून गेला तरी तडा भरून येत नाही. कुठल्या बोल्टात तडा आहे, ते बाहेरून दिसत नाही. ट्रॉली भरलेली, घाटाचा उतार, पाठीमागून एखादी एसटी. मला त्यातला एकही नको.

हे सगळं मी शेठना सांगितलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं, खोक्यातली डोकी हातात घेऊन खुळखुळवली आणि म्हणाले, "बघू."

आमच्या कंपनीत "बघू" म्हणजे काय, ते मला आता कळतं. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी टेम्पो भरला जातो.

अण्णांना काय सांगशील, ते तू ठरव. त्यांनी मला दोनदा तूप वाढलं होतं, हे मी विसरलेले नाही.

तुझी
प्रतिभा

*

देवळा
३ डिसेंबर १९९९

प्रिय प्रतिभा,

खरं सांगू? पत्र वाचून आधी राग आला. महिनाभर मी तुला ढकल म्हणत होते आणि तू "सहज विचारते" म्हणत होतीस. एका ओळीत सांगायला काय झालं होतं? मग परत वाचलं आणि कळलं. सांगितलं असतंस, तर मी लॉट सोड म्हटलं असतं. त्या आठवड्यात तरी नक्कीच म्हटलं असतं.

अण्णांना मी जेवताना सांगितलं. बोल्ट अडवणारी अंबडची कंपनी म्हणजे आपली प्रतिभा. त्यांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "ती? जी दोन पोळ्या खाऊन तिसरी नको म्हनत होती?" अण्णा म्हणाले, "अन् तिसरी बी खाल्ली." मग मी एसटी, सीट, कंडक्टर, सगळं सांगितलं. ते सगळं त्यांच्या कानावरून गेलं असावं. पण टेबलावर ठेवलेला बोल्ट आपोआप तुटतो, एवढं बरोबर आत गेलं. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "तिले सांग, एक तुटेल बोल्ट मनाकडे धाड."

ज्ञानेश बुधवारी इकडे सासुरवाडीला आला होता, त्याच्याकडूनच तुटलेल्या बोल्टचं डोकं मिळालं. तुला त्याने सांगितलं नसेल. खोक्यातली दोन डोकी त्याने खिशात घातली होती. अण्णा ते डोकं घेऊन सटाण्याला गेले आणि पुंजा मिस्त्रींच्या ऐरणीवर ठेवलं. "ह्याच्यावर मन्ही ट्रॉली बांधशी का?" मिस्त्री म्हणाले, अंबडवाले तर म्हणतात पोलादी माल. अण्णांनी परत येताना ते डोकं कांदा मार्केटमध्येही फिरवलं. प्रत्येकाने हातात घेतलं, नखाने खरवडलं. आता अख्खा बाजार हायड्रोजन म्हणायला शिकलाय. काही जण त्याला किडा समजतात. मी दुरुस्त केलं नाही.

पण ऐक, आता मला काळजी वाटते. ही बातमी फिरत फिरत शेठपर्यंत जाईल आणि ते म्हणतील, मॅडमने बाहेर बोलून कंपनी बुडवली. तुझे शिकाऊ महिने संपायला आलेत. सही करू नकोस, हे बरोबरच. पण तेवढ्यावर थांब. नाही म्हणून गप्प बसायलाही हिंमत लागतेच की. टेम्पो भरला तर ते शेठचं पाप, तुझं नाही. जे काही करशील ते घाईने करू नकोस. आधी मला लिही. आपण दोघी विचार करू.

कांद्याची काळजी करू नकोस. बऱ्यापैकी निघाला, थोडा भिजला. अण्णांनी शेजाऱ्याची ट्रॉली हक्काने आणली. तिचा हूक मात्र त्यांनी निघण्याआधी हातोडीने वाजवून बघितला, हे आधी कधी केलं नव्हतं.

उज्वला

*

मखमलाबाद
७ डिसेंबर १९९९

प्रिय उज्वला,

तुझं पत्र काल संध्याकाळी घरी आल्यावर मिळालं. आधी मला लिही म्हणतेस. उशीर झाला.

शनिवारी शेठनी मला बोलावलं. फार प्रेमाने म्हणाले, "मॅडम, लय काम केलं तुम्ही. मंगळवारी सुट्टी घ्या. आईला मळ्यात मदत करा." मी सुट्टी मागितली नव्हती. स्टोअरमध्ये जाऊन पाहिलं, तर मंगळवारसाठी टेम्पो सांगितलेला. मंगळवार म्हणजे आज.

रविवारचा दिवस मी मळ्यात काढला. दादा पाणी देत होते. मी त्यांना म्हटलं, दादा, माझी नोकरी कदाचित राहणार नाही. त्यांनी पाटाचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं आणि म्हणाले, "का, चोरी केली?" नाही म्हटलं. "मग काय झालं?" मी सांगितलं, एक माल आहे, तो बाहेर जाऊ नये असं मला वाटतं. ते म्हणाले, "मग सही नको करू." मी म्हटलं, सही नाही केली तरी जाणार आहे. तेव्हा ते फावड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मग नुसतं सही न करण्याचा काय उपेग?"

उज्वला, तू म्हणतेस तेवढ्यावर थांब. मीही महिनाभर तेच म्हणत होते. सही केली नाही म्हणजे माझे हात स्वच्छ. पण बोल्ट काही माझे हात बघत नाही. तो ट्रॉलीच्या हुकात बसतो, कुणीतरी त्याला ताकदीने आवळतं, आणि तो वाट बघत राहतो.

काल सकाळी लवकर गेले. लॉटच्या कागदावर "नापास" लिहिलं आणि खाली सही केली. दादा म्हणतात ती सही. मग प्रत्येक पोत्याला लाल रंग लावला. आमच्याकडे शेठनीच घातलेला नियम आहे: लाल खुणेचा माल भंगारात देण्याआधी निकामी करायचा, नाहीतर भंगारवाला तो पुसून नवा म्हणून जुन्या बाजारात विकतो. मला तो नियम कागदावर वाचून माहीत होता. कधी पाळताना पाहिला नव्हता.

अमोल सर प्रेसपाशी उभे होते. मी म्हटलं, सर, हे सगळे आटे दाबून सपाट करायचेत. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सगळे?" मी म्हटलं, सगळे. "शेठना विचारलंय?" मी म्हटलं, शेठ म्हणाले बघू. ते जरा हसले. मग बाह्या वर करून म्हणाले, "नियम हाय म्हणता ना? मग नियमाने चालवू. तुम्ही फक्त मूठभर मूठभर पुढं सारा, बोटं सांभाळा. तुमचं बोट गेलं तर आमची बायको चटणी कुणाला पाठवील?"

पहिल्या पोत्याला सगळं डिपार्टमेंट बघत होतं. दुसऱ्याला चौघे जण आपणहून हात लावायला आले. निम्मी पोती झाली असतील, तेव्हा शेठ आले. प्रेस थांबली नाही. ते दारात उभे राहून बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं, शेठ."

त्यांनी खाली वाकून एक चपटा बोल्ट उचलला, अंगठ्याने फिरवला. "सटाण्याहून पुंजाचा फोन आलता. म्हणे कुणी तरी धोंडीराम पाटील येऊन ऐरणीवर बोल्टाचं मुंडकं ठेवून गेला." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या वळखीचे?"

मी खरं सांगितलं. ओळखीचे आहेत, आणि मुंडकं आमच्याच खोक्यातलं.

ते वळले. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगा, एवढं स्टोअरला सांगून ऑफिसात गेले. थोड्या वेळाने नव्या लॉटसाठी पोलाद काढायचा निरोप आला. नवा लॉट या आठवड्यात मुलामा होऊन थेट भट्टीत जाईल, दिवसभरासाठी, आणि तो पास झाला तर मी आनंदाने सही करीन. ती करायला मी तिथे असेन की नाही, ते आज तरी मला माहीत नाही. शेठनी दिलेली सुट्टी मात्र मी घेतली आहे. आता आईसोबत मेथीच्या जुड्या बांधत बसले आहे आणि मधेमधे हे पत्र लिहिते आहे.

अण्णांना सांग, त्यांच्या ट्रॉलीला अजून थोडे दिवस लागतील. त्या लॉटमधलं एकही पोतं मी बाकी ठेवलं नाही. शेवटचं संध्याकाळी सहा वाजायच्या आत झालं, आणि मी मुद्दाम ढिगातून हाताला येतील तसे बोल्ट उचलून पाहिले. त्यांच्यावर आता कुठलाच नट चढत नाही.

तुझी
प्रतिभा